दोन बोटांमधली वाट

आल्बर्ट्सलुंड,
रविवार, १४ मार्च १९९९

प्रिय रिग्मोर,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू आधी चष्मा शोधला असशील आणि मग मनात म्हणाली असशील, याला आज काय झालं? वीस वर्षांत माझ्याकडून नाताळच्या कार्डावरच्या दोन ओळींपलीकडे तुला काही आलेलं नाही. म्हणून आधीच सांगून टाकतो, मी आजारी नाही, कुणी गेलेलं नाही, आणि मला तुझ्याकडून काही नकोही आहे. लहानपणी ईस्टरच्या आधी आपण एकमेकांना कागद कातरून पत्रं पाठवायचो ते आठवतं ना? आत बर्फात उगवणाऱ्या पांढऱ्या फुलाची एक कळी, चार ओळींची कविता, आणि सहीच्या जागी नावातल्या अक्षरांइतकी टिंबं. कोणी पाठवलं ते ओळखता आलं नाही तर ईस्टरला अंडं द्यायचं. घरात पोरं आपण दोनच, तरी तू दरवर्षी मला मुद्दाम अंडं द्यायचीस आणि तोंड वेडंवाकडं करून म्हणायचीस, "छे बाई, ओळखूच आलं नाही." तुझा तो मोठेपणा मला तेव्हा कळला नाही. पुढेही बराच काळ कळला नाही, आणि हे पत्र त्याबद्दलच आहे. पण मला सरळ मुद्द्यावर येता येत नाही हे तू जाणतेसच. गाडी फलाटावर लावायच्या आधी वेग हळूहळूच कमी करावा लागतो.

सप्टेंबरअखेर मी निवृत्त झालो. चौतीस वर्षं लोकलच्या लाल गाड्या चालवल्या. शेवटच्या पाळीला शेडमधल्या मंडळींनी केक आणला, भाषणं केली, आणि मागच्या दारानं एक नवी कोरी सायकल आत आणली. हेनिंग म्हणून आमचा एक वात्रट गडी आहे, तो म्हणाला, "वेर्नर, जन्मभर रुळांवरून चाललास, आता म्हातारपणी जरा घसरून बघ." सगळे हसले, मीही हसलो, पण मनातून वरमलो. या देशात पोरं बोलायच्या आधी सायकल शिकतात, आणि मी मात्र वेस्टरब्रोच्या आपल्या जुन्या घराच्या अंगणात शिकलो ती तेवढीच. पुढे गरजच पडली नाही. घर स्टेशनपासून चार मिनिटांवर, काम स्टेशनात, आणि आईचं घर शेडपासून सहा मिनिटांवर. मोटार चालवायला मी कधी शिकलो नाही. जिथं रूळ नाहीत तिथं मला काही काम आहे असं मला कधी वाटलंच नाही.

हे सगळं बाबांकडून आलेलं. ते ट्रामवर कंडक्टर होते, आणि जगाचं मोजमाप त्यांच्याकडे एकच होतं. "शहर म्हणजे काय रे? माझी ट्राम जिथं वळसा घेऊन माघारी फिरते तिथं शहर संपलं. त्याच्या पुढे गाई आणि कोबी." आणि ते खरंही होतं. त्यांची ट्राम तीन थांबे पुढे नेली, तर दोन वर्षांत तिच्या मागोमाग चार-चार मजली इमारती उभ्या राहिल्या, बदकिणीमागे पिलं चालावीत तशा. खाली पाववाला, वर बिऱ्हाडं, आणि कोपऱ्यावर दारूचं दुकान. बाबा त्या इमारतींकडे अशा नजरेनं बघायचे, जशा काही त्यांनीच अंगठ्यानं घंटी वाजवून तिथं उतरवून घेतल्या होत्या.

युद्धानंतर ती बोटांची योजना आली तो दिवस मला अजून दिसतो. तू चौदा-पंधरा वर्षांची असशील. बाबा पेपर घेऊन घरी आले. पहिल्याच पानावर शहराचा नकाशा आणि त्यावर माणसाचा पंजा ठेवल्याचं चित्र. बाबांनी टेबलावरच्या मेणकापडावर आपला पंजा पसरला आणि आईला समजावून सांगायला लागले, "हा तळवा म्हणजे आपण. ही बोटं म्हणजे रेल्वेचे रूळ. घरं बांधायची ती रुळांच्या कडेकडेनं, स्टेशनपासून चालत जाता येईल एवढ्यात. आणि बोटांच्या मधे काही बांधायचं नाही. तिथं शेतं आणि झाडं." आई बटाटे सोलत होती. तिनं सुरीच्या टोकानं बाबांची दोन बोटं दाखवली आणि विचारलं, "आणि या बोटातल्या माणसाला त्या बोटातल्याकडे जायचं असलं तर?" बाबा कंडक्टरच ते. म्हणाले, "तळव्यात यायचं आणि गाडी बदलायची. बदलीचं तिकीट मिळतं." त्यावर आई म्हणाली, "मग तळव्यात कुणीतरी कॉफी करून बसायला हवं." आपण सगळे खूप हसलो. तीस वर्षं ती कॉफी तिनंच केली, रिग्मोर.

तू होल्गरशी लग्न करून बालरुपला गेलीस तेव्हा ते अजून अर्धं खेडंच होतं. मी आल्बर्ट्सलुंडला आलो तेव्हा इथं नुसता चिखल आणि क्रेन. क्रेनसाठी सुद्धा रूळ टाकले होते, क्रेन त्यावरून पुढे सरकायची आणि मागे घरांची ओळ ठेवून जायची. म्हणून तर आमच्या गल्ल्या अशा पट्टीनं आखल्यासारख्या सरळ आहेत. गाडीच्या केबिनमधून मी हे शहर लांबताना पाहिलं आहे. दरवेळी क्रम तोच. आधी शेतात एकटा फलाट, मग सॉसेजची हातगाडी, मग बँक, मग वाचनालय, आणि देव सगळ्यांत शेवटी. चर्च बांधून होईपर्यंत पहिली पोरं शाळेतून बाहेर पडलेली असायची. दुपारच्या गाडीला बाबागाड्यांची रांग लागायची. पंधरा वर्षांनी त्याच बाबागाडीतलं पोर तोंडात सिगारेट धरून तोच फलाट अडवून बसलेलं दिसायचं. मला वाटायचं, हे सगळं आपण ओढत आणलं आहे, बाबांनी ट्रामनं आणलं त्याच्या पुढचं.

आणि तुझं बोट वेगळं, माझं वेगळं. तुझ्या घरून आईकडे पस्तीस-चाळीस मिनिटं, माझ्या घरून अर्धा तास. रविवारी दोन वाजता आईच्या दारात आपण भेटायचो. चौथा मजला, मागची इमारत, जिन्यात कोबी शिजल्याचा वास, संडास जिन्याच्या वळणावर. तू वेलची घातलेले पाव आणायचीस, मी स्टेशनवरचा केक आणायचो, आणि आई दोन्ही बाजूला सारून आपलंच बिस्किटांचं ताट पुढे करायची. एकदा होल्गर तिथंच कपात साखर ढवळता ढवळता म्हणाला, "तुम्हा दोघा बहीणभावांची मला गंमत वाटते. घरं मोजून दोन कोसांवर, मधे नुसतं रान, आणि भेटायला दोघं एवढ्या लांब शहरात येता. कावळ्याला विचार वेर्नर, तो म्हणेल तू आमचा शेजारी." मी म्हणालो, "कावळ्याला पंख आहेत होल्गर, माझ्याकडे वेळापत्रक आहे." सगळे हसले. आई सर्वांत जास्त हसली. ते वाक्य माझ्या तोंडून किती सहज गेलं, आणि त्यानं पुढे काय केलं, हे आता सांगायचं आहे.

अठ्ठ्याहत्तरच्या वसंतात तू आईसाठी खोली तयार केलीस. बाबा जाऊन सात वर्षं झाली होती, आईचे गुडघे गेले होते, आणि चार जिने चढताना ती प्रत्येक मजल्यावर थांबून खिडकीतून बाहेर बघण्याचं नाटक करायची. तू होल्गरला कामाला लावून बागेकडची खोली रंगवून घेतलीस, भिंतींना निळा कागद लावलास, त्यावर बारीक पांढरी फुलं. मेच्या एक तारखेला आईनं यायचं ठरलं. आणि मग एप्रिलमधल्या एका रविवारी, कॉफी ओतता ओतता, आई म्हणाली की ती येणार नाही. तू विचारलंस का, तर म्हणाली, "त्या आडगावात मी काय करू? तिथं साधी ट्रामसुद्धा नाही." तू म्हणालीस, "अगं आई, ट्राम तर तुझ्या दारातही सहा वर्षं नाही. सगळ्या इजिप्तला विकल्या." ती ताटातली बिस्किटं नीट लावत बसली. तू तशीच उठलीस आणि कोट चढवलास. मी माझ्या पुढ्यातल्या केककडे बघत होतो. तू जिन्यात माझ्याकडे वळून म्हणालीस, "तिला मी नकोच आहे वेर्नर, कधीच नको होते. तिला सगळं तूच." मी तुला स्टेशनपर्यंत सोडायला आलो, आणि वाटेत हवेबद्दल बोललो.

पुढचा हिवाळा तुला मी काय सांगायचा? बर्फानं रुळांचे सगळे सांधे गोठले होते, गाड्या मधेच उभ्या होत्या, आणि मी एका थंडगार केबिनमध्ये सिग्नलची वाट बघत होतो, तेव्हा आई रॉकेलचा रिकामा डबा घेऊन जिना उतरायला निघाली. शेजारच्या बाईला ती दुसऱ्या मजल्यावर निष्प्राण पडलेली सापडली. दफनाच्या दिवशी चर्चच्या पायरीवर तू सगळ्यांदेखत म्हणालीस, "मरण पत्करलं, पण माझ्याकडे आली नाही." लोकांनी माना खाली घातल्या. मीही घातली. माझी मान खाली जाण्याचं कारण वेगळं होतं, ते फक्त मला माहीत होतं.

त्यानंतर तळव्यात कुणी राहिलं नाही आणि आपल्याला बदलीचं तिकीट काढायला कारण उरलं नाही. होल्गर गेला तेव्हा मी आलो होतो, फुलं ठेवली, तुझा हात हातात घेतला आणि चार वाजून बाराच्या गाडीनं परतलो. तू म्हणालीस, "थांब ना, कॉफी घे." मी म्हणालो, पाळी आहे. पाळी नव्हती. तुझ्या स्वयंपाकघरात जायला त्या खोलीवरून जावं लागतं, आणि मला ती खोली बघायची नव्हती.

आता सायकलीवर येतो. थंडीभर ती ओसरीत उभी होती. फेब्रुवारीत डॉक्टरीणबाईंनी माझी साखर बघितली आणि म्हणाल्या, "चालवा, नाहीतर मी गोळ्या वाढवते." म्हणून निघालो. पण सवय बघ. पहिले पंधरा दिवस मी रुळांच्या कडेनंच गेलो. एक स्टेशन, दोन स्टेशनं, माघारी. कुठे किती मिनिटं लागली ते मनात टिपत होतो. मग गेल्या मंगळवारी तिथला रस्ता पाइप टाकायला खणून ठेवलेला दिसला. कामगार म्हणाला, "आजोबा, रानातून जा, वाट चांगली आहे." मी आयुष्यात कधी त्या रानात गेलो नव्हतो. सदुसष्ट साली तिथं रोपं लावायला सुरुवात झाली तेव्हा माझ्या गुडघ्याएवढी काठ्यांची रांग दुरून पाहिली होती, बास. रिग्मोर, तिथं आता मोठी झाडं आहेत. ओक आहेत. खाली ती पांढरी बर्फफुलं आली होती, आपण पत्रात घालायचो ती.

मधे एक टेकडी लागते. शहरभरच्या बांधकामांची माती आणून रचलेली, म्हणजे आपल्या घरांचे पाये खणताना निघालेलीच ती. सायकल लावून मी धापा टाकत वर चढलो. बाबांचा तो पंजा मी पहिल्यांदाच डोळ्यांनी पाहिला. एका बाजूला माझी वस्ती, रुळांना धरून लांबच लांब गेलेली. दुसऱ्या बाजूला तशीच दुसरी. लांब धुरकट दिसतो तो तळवा. आणि दोन बोटांच्या मधे हे रान, त्यात एक पायवाट, तिच्यावरून एक बाई कुत्र्याला घेऊन निवांत चाललेली. ती वाट पलीकडे कुठे जाते ते बघायला मी उतरलो, सायकल घेतली आणि तिच्यावरून पुढे गेलो. रान संपलं, एक शेत लागलं, घोडे लागले, मग कुंपणं आणि घरं. तिथं पाटी होती. बालरुप. मी घड्याळ बघितलं. टेकडीवरचा वेळ सोडून घरापासून अडतीस मिनिटं.

मी त्या पाटीखाली किती वेळ उभा होतो कोण जाणे. चौतीस वर्षं मी लोकांना मिनिटा-मिनिटाचा हिशेब देत आलो. कोणत्या गाडीनं किती वाजता पोचाल, कुठे बदलाल, फलाट कोणता. आणि माझ्या सख्ख्या बहिणीच्या घराचं अंतर मला ठाऊक नव्हतं. होल्गरनं सांगितलं होतं, तरी ठाऊक नव्हतं. स्टेशनातल्या भिंतीवरच्या नकाशात तू एका टोकाला आणि मी दुसऱ्या टोकाला, आणि मधे पांढरा कोरा कागद. मी त्या कोऱ्या कागदाला अंतर समजलो.

मग मी तुझ्या घराशी आलो. कुंपणाबाहेर निळी टोपी घातलेला एक म्हातारा सायकल धरून उभा होता, तू सतरंजी झटकायला मागे आलीस, त्याच्याकडे बघून "काही हवंय का?" म्हणालीस, आणि तो मानेनंच नाही म्हणून निघून गेला. तुला आठवत असेल. तो मी होतो. तुझे केस सगळे पांढरे झालेत. आईसारखी तूही सतरंजी झटकताना डोळे मिटून घेतेस. आणि बागेकडच्या त्या खिडकीला पडदा नाही. आत निळा कागद आहे, उन्हानं एका बाजूला फिका झालेला, खिडकीत फुलाच्या दोन कुंड्या आहेत, पण पडदा नाही. घरातल्या बाकी सगळ्या खिडक्यांना आहेत.

आता पुढे लिहितो ते एका दमात लिहू दे. त्या एप्रिलमध्ये, तुझ्या त्या रविवारच्या आधीच्या गुरुवारी, मी दोन पाळ्यांच्या मधे आईकडे जेवायला गेलो होतो. तुला माहीत आहे, लिस्बेट घटस्फोट घेऊन गेल्यापासून मी आठवड्यातून चार दिवस तिथंच जेवायचो. आईनं माझ्यापुढे मटणाचे गोळे आणि थंड बटाटे ठेवले आणि कपाटातून कापड काढून दाखवलं. पिवळसर, त्यावर बारीक निळ्या रेघा. गालातल्या गालात हसत होती. म्हणाली, "रिग्मोरच्या खोलीला करतेय. तिला सांगू नकोस, उगीच म्हणेल डोळ्यांना ताण देतेस." मी घास गिळला आणि म्हणालो, "मग माझं कसं होणार, आई?" मी पिशवीतून वेळापत्रक काढलं. रिग्मोर, मी तिच्यापुढे वेळापत्रक उघडलं आणि बोट ठेवून दाखवलं. माझ्या घरून मुख्य स्टेशन, तिथं थांबणं, तिथून बालरुप, मग चालणं. एक तास वीस मिनिटं जायला, तेवढीच यायला. रविवारी पाळी असली की जमणार नाही. "महिन्यातून एकदा भेट होईल बघ," मी म्हणालो, "तेही जमलं तर." तिनं त्या आकड्यांकडे नीट पाहिलं. तिला ते वाचता येत नव्हते, चष्मा कपाटावर होता. मग तिनं कापडाची घडी घातली आणि म्हणाली, "आणि तुला पोटभर जेवायला कोण घालणार, नाही का." बास. पुढे ती त्यावर एक शब्द बोलली नाही. रविवारी तुला तिनं कारण सांगितलं तेव्हा बिचारीला दुसरं काही सुचलं नाही. तिनं ट्रामचं नाव घेतलं, माझं नाव घेतलं नाही.

आणि अंतर हेही निमित्तच होतं. हे मला टेकडीवर नाही, तुझ्या कुंपणाशी कळलं. तुझं घर अडतीस मिनिटांवर आहे हे त्या गुरुवारी कुणी मला शपथेवर सांगितलं असतं तरी मी दुसरं काहीतरी काढलं असतं. मला आई शेडपासून सहा मिनिटांवर हवी होती. तिची ती थाळी, तिचं ते "हात धुतलेस का?" मला एकट्याला हवं होतं. चाळिशी ओलांडलेला बाप्या मी, आणि आईवरून बहिणीशी लहान पोरासारखा भांडलो, तेही तुझ्या नकळत. तू जिन्यात म्हणालीस की तिला सगळं मीच, तेव्हा मला लाज वाटायला हवी होती. मला बरं वाटलं. ते मी वीस वर्षं गिळून बसलो आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण माझ्या मुठीत जे होतं ते तुझं होतं.

आईची खोली रिकामी केली तेव्हा तू फक्त बाबांची कंडक्टरची टोपी नेलीस, आठवतं? बाकीचं मी आवरलं. कपाटाच्या खालच्या खणात ते पडदे होते. दोन. एक पुरा झालेला, इस्त्री करून ठेवलेला. दुसऱ्याची खालची दुमड अर्धीच घातलेली, सुई तिथंच टोचलेली, दोरा सुईत. आणि टाचणीनं लावलेली एक चिठ्ठी, तुझ्या अक्षरातली. खिडकीचं माप. रुंदी एवढी, उंची एवढी, आणि खाली तू लिहिलंयस, "कशाला हवंय तुला हे?" चिठ्ठीच्या मागे आईनं शिवायला बसल्याच्या तारखा पेन्सिलीनं घातल्या आहेत. त्यातली शेवटची ऑक्टोबरमधली आहे. म्हणजे नाही म्हणून झाल्यावरही ती सहा महिने ते शिवत होती. पुढेमागे मला न जुमानता ती येणार होती की काय, हे मला माहीत नाही, आणि आता कुणालाच कळणार नाही. मी ते पडदे कागदात गुंडाळले आणि माझ्या माळ्यावर ठेवले. तुला दाखवले असते तर मला सगळं सांगावं लागलं असतं.

म्हणून हे पत्र. येत्या रविवारी, एकवीस तारखेला, दोन वाजता मी येतो आहे. गाडीनं नाही, रानातून. पडदे सायकलच्या मागे बांधलेले असतील. मी सुईला हात लावलेला नाही, दुमड तुलाच पुरी करावी लागेल. मला आत घ्यावंसं वाटलं नाही तर फाटकाची कडी लावून ठेव. मी पुडकं फाटकाला अडकवीन आणि माघारी फिरेन, अडतीस मिनिटं काही फार नाहीत, आणि तुझ्यावर राग धरणार नाही. क्षमा मागायला येतो असं लिहिणार होतो, पण ते खोडलं. ते माझ्यासाठी झालं असतं. तुझं जे आहे ते तुला पोचवायचं आहे, एवढंच. वीस वर्षं तू समजत आलीस की आईला तू नको होतीस. तसं नव्हतं, रिग्मोर. तिनं तुझ्या खिडकीचे पडदे शिवायला घेतले होते. तिला तुझ्याकडेच यायचं होतं.

या खेपेला टिंबं काढत नाही, नाव लिहितो.

तुझाच,
वेर्नर